थॉमस पेरोनेट थॉम्पसन: आखाताच्या तहावर सही करणारा कॅप्टन आणि धान्य कायद्यांविरुद्ध लढणारा खासदार

बखरवाचक (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

जानेवारी 1820 मध्ये ब्रिटिशांनी इराणच्या आखाताच्या अरबी किनाऱ्यावरील शेखांशी जो सर्वसाधारण सागरी तह केला, त्याचा मजकूर वाचत असताना सेनापती विल्यम ग्रँट कीर याच्या नावाच्या जोडीने टी. पेरोनेट थॉम्पसन या कॅप्टनची दुभाषी म्हणून केलेली सही माझ्या पाहण्यात आली. त्यानंतर इंग्लंडमधील धान्य कायद्यांविरुद्धच्या चळवळीचा इतिहास वाचताना कर्नल पेरोनेट थॉम्पसन हे नाव वारंवार समोर आले, आणि 1837 मध्ये कामगारांच्या मताधिकाराची सनद तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिच्यातील सहा खासदारांतही तेच नाव दिसले. ही दोन्ही नावे एकाच माणसाची असावीत, असे वाटण्याजोगे पुरावे आहेत. पण तसे असेल तर त्या आयुष्याची संगती लावणे मला कठीण जाते.

मुंबईत लष्करी न्यायालयापुढे उभा राहिलेला आणि जाहीर ठपका घेऊन मायदेशी परतलेला अधिकारी पुढे खासदार कसा होतो, सैन्यातला हुद्दा कायम ठेवून सरकारच्या धोरणांवर उघड टीका कशी करू शकतो, आणि आयुष्याच्या अखेरीस जनरल या पदापर्यंत कसा पोहोचतो? शिवाय ज्या मोहिमेमुळे हा खटला झाला, तिच्यात मुंबईच्या पलटणीतले शेकडो शिपाई मारले गेले होते. गुलामगिरीचा आणि गरिबांची भाकरी महाग करणाऱ्या कायद्यांचा कट्टर विरोधक म्हणून ज्याचे स्मरण केले जाते, त्याच्या आयुष्यातील या प्रकरणाकडे आपण कसे पाहावे, हा माझा खरा प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुने_कागद

ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत. थॉमस पेरोनेट थॉम्पसन याचा जन्म 1783 मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. वडील व्यापारी आणि पेढीमालक होते, मेथडिस्ट पंथाचे होते आणि पुढे खासदारही झाले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत लढा देणारा विल्यम विल्बरफोर्स हाही हलचाच, आणि थॉम्पसनच्या वडिलांनी उमेदवारीच्या काळात विल्बरफोर्सच्याच पेढीत काम केले होते. दोन्ही घराण्यांच्या या जुन्या संबंधाला पुढे मोठे महत्त्व आले.

थॉम्पसन केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात शिकला आणि 1802 च्या गणिताच्या परीक्षेत सातवा आला. अशा बुद्धीचा तरुण बहुधा धर्मोपदेशक किंवा वकील होई. याने मात्र 1803 मध्ये आरमाराची नोकरी धरली, 1806 मध्ये ती सोडून तो पंचाण्णवाव्या रायफल्स पलटणीत गेला, आणि पुढच्याच वर्षी ब्वेनोस आयरेसवरील फसलेल्या हल्ल्यात स्पॅनिश सैन्याच्या हाती कैदी म्हणून सापडला. सुटका होऊन परतल्यावर 1808 मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो सिएरा लिओनचा गव्हर्नर झाला. ही नेमणूक अर्थातच विल्बरफोर्सच्या शिफारशीने झाली होती.

सिएरा लिओनमध्ये जे घडले ते थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण पुढच्या सर्व प्रकरणांची किल्ली माझ्या मते तिथेच आहे. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची वसाहत म्हणून ही भूमी एका खासगी कंपनीने चालवली होती, आणि 1 जानेवारी 1808 रोजी ती ब्रिटिश राजसत्तेच्या ताब्यात आली. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या 1807 च्या कायद्यात एक पळवाट होती. आरमाराने पकडलेल्या जहाजांवरील गुलामांना मुक्त करताना त्यांना सैन्यात भरती करावे किंवा चौदा वर्षांपर्यंतच्या कराराने 'शिकाऊ' म्हणून एखाद्या मालकाकडे द्यावे, अशी तरतूद त्यात होती. थॉम्पसन तिथे पोहोचण्यापूर्वीच अशा प्रकारे आणलेली माणसे पैसे घेऊन वसाहतीतील लोकांच्या हवाली करण्यात आली होती. ज्या वसाहतीचा पायाच गुलामगिरीच्या विरोधावर घातला गेला होता, तिथे माणसे पुन्हा विकली जात आहेत, हे त्याने पाहिले. त्याने हे करार बेकायदा ठरवले आणि इंग्लंडला कडक भाषेत पत्रे लिहिली.

या पत्रांचा रोख कंपनीच्या जुन्या संचालकांवर होता, आणि त्या संचालकांत स्वतः विल्बरफोर्स होता, तसेच झॅकरी मॅकॉले होता. हा मॅकॉले म्हणजे हिंदुस्थानच्या शिक्षणपद्धतीच्या संदर्भात आपल्याला परिचित असलेल्या थॉमस मॅकॉलेचा पिता, आणि स्वतः सिएरा लिओनचा माजी गव्हर्नर. ज्यांनी नेमले त्यांनाच हा तरुण ढोंगी ठरवू लागला. परिणामी त्याला परत बोलावण्यात आले आणि 1810 मध्ये त्याने वसाहत सोडली.

त्याचे म्हणणे मूलतः खरे होते, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतील. पण अन्याय दिसताच, पुरेशी तयारी आणि साथीदार हाताशी आहेत की नाहीत हे न पाहता, त्यावर तुटून पडण्याचा स्वभाव इथेच दिसतो. कागदावर हा स्वभाव फार मोलाचा ठरला. रणांगणावर त्याची किंमत इतरांना मोजावी लागली.

दर्यावर्दी

वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे आणि तिथूनच पुढे लिहितो, कारण मुंबई आणि आखात हा माझ्या वाचनाचा विषय आहे.

सिएरा लिओननंतर थॉम्पसन पुन्हा सैन्यात रुजू झाला आणि नेपोलियनविरुद्धच्या युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात नीव्हेलपासून तुलूझपर्यंतच्या लढायांत दक्षिण फ्रान्समध्ये लढला. 1815 मध्ये सतराव्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळाबरोबर तो मुंबईला आला आणि 1817-18 च्या पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेत त्याने भाग घेतला. अरबी भाषा येत असल्यामुळे 1819 च्या अखेरीस जनरल कीरच्या आखातातील मोहिमेत त्याला दुभाषी म्हणून घेण्यात आले. कासिमी अरबांचे प्रमुख ठाणे असलेले रास अल खैमा डिसेंबर 1819 मध्ये पडले आणि जानेवारीत तो तह झाला.

तहाच्या अकरा कलमांपैकी नववे कलम थॉम्पसनची छाप सांगते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून किंवा अन्य ठिकाणाहून स्त्री, पुरुष वा मुले पळवून नेणे आणि जहाजांतून त्यांची वाहतूक करणे ही लूट व चाचेगिरी होय, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुंबई सरकारने कीरवर सोपवलेले काम चाचेगिरीच्या बंदोबस्ताचे होते, गुलामगिरीचे नव्हे. ते शब्द तहात आले याचे श्रेय थॉम्पसनला दिले जाते, आणि सिएरा लिओनचा अनुभव पाहता ते योग्यच वाटते. हे कलम माणसे पळवून नेण्यापुरते मर्यादित धरले गेले, खरेदी केलेल्या गुलामांची ने-आण पुढेही चालूच राहिली आणि ब्रिटिशांनीही ते कलम फारसे अमलात आणले नाही, हे खरे आहे. तरीही 1820 मध्ये, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायदेशीर असतानाच, आंतरराष्ट्रीय करारात असे वाक्य यावे, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

तहानंतर सुमारे 800 शिपायांची फौज थॉम्पसनच्या हाती देऊन कीर मुंबईला परतला. काही महिन्यांनी रास अल खैमाचे ठाणे मोडून ही फौज किश्म बेटावर हलवण्यात आली. त्याच सुमारास ओमानच्या आग्नेय भागातील, जालान या प्रदेशातल्या बनी बू अली या जमातीवर चाचेगिरीचा आरोप झाला. या जमातीने वहाबी मत स्वीकारले होते आणि मस्कतचा सत्ताधीश सय्यद सैद बिन सुलतान याची सत्ता ती मानत नव्हती. म्हणजे या जमातीचा बंदोबस्त व्हावा यात सैदचा स्वतःचा स्वार्थ होता, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्यांच्याकडे पत्र घेऊन गेलेला माणूस किनाऱ्यावर मारला गेला, आणि थॉम्पसनने सैदच्या साहाय्याने थेट चढाई करण्याचे ठरवले. सहा कंपन्या आणि काही तोफा घेऊन तो सूर या बंदरात उतरला व सैदच्या सैन्यासह वाळवंटातून आत शिरला.

9 नोव्हेंबर 1820 रोजी बनी बू अलीच्या तलवारबाजांनी ब्रिटिश फौजेच्या बाजूवर झडप घातली. संगिनी रोखून चालून जाण्याचा हुकूम झाला, पण शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि तलवारी अंगावर येताच फळी फुटली. सुमारे 270 माणसे मारली गेली, म्हणजे लढाईत उतरलेल्या तुकडीचा फार मोठा भाग नाहीसा झाला. सैद स्वतः हाताला जखम झाली तरी शेवटपर्यंत लढत राहिला, असे ब्रिटिशांनीच नोंदवले आहे. उरलेले लोक कसेबसे मस्कतला पोहोचले.

थॉम्पसनने पाठवलेल्या अहवालात पराभवाचे खापर शिपायांच्या वर्तनावर फोडलेले होते. मुंबईच्या पलटणींत त्या काळी कोकणातून आणि देशावरून भरती झालेले अनेक जण असत. अनोळखी वाळवंटात, अपुऱ्या संख्येने, स्थानिक शत्रूच्या निकराच्या हल्ल्यापुढे त्यांना उभे करण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. लढाई हरणे एक वेळ समजू शकते, पण ज्यांना आपण मृत्यूच्या तोंडी नेले त्यांनाच दोषी धरणारा तो कागद मला त्या पराभवापेक्षा अधिक खटकतो, आणि बखरवाचक यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. गुलामांच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाने आपल्या हाताखालील शिपायांना तोच न्याय दिला नाही.

मुंबईला त्या वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर होता. 1821 मध्ये मुंबईत लष्करी न्यायालय बसले. वैयक्तिक वर्तनाविषयीच्या आरोपांतून थॉम्पसन सन्मानाने सुटला, पण एवढ्या लहान तुकडीनिशी अविचाराने मोहीम हाती घेतल्याबद्दल त्याला जाहीर समज देण्यात आली.

पराभवाची भरपाई मुंबई सरकारने लगेच केली. जनरल लायोनेल स्मिथ मोठी फौज घेऊन 1821 च्या प्रारंभी ओमानला गेला आणि मार्चमध्ये त्याने बनी बू अलीचा मोड केला. अनेकांना कैद करून मुंबईला आणण्यात आले व पुढे सोडून देण्यात आले. हा तोच लायोनेल स्मिथ, ज्याने नोव्हेंबर 1817 मध्ये पुणे घेतले आणि दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग केला. बापू गोखले ज्या आष्टीच्या लढाईत पडले, तीत समोरचे सैन्य त्याच्याच हुकमतीखाली होते. बनी बू अलीचे नाव पुढे मुंबईच्या पलटणींच्या निशाणांवर युद्धसन्मान म्हणून आले ते 1821 च्या विजयाबद्दल. नोव्हेंबर 1820 मध्ये जे पडले त्यांच्यासाठी तसे काही झाले नाही.

शेतसारा

दर्यावर्दी यांनी मांडलेली बाजू वजनदार आहे. मी प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे सैन्य आणि संसद यांच्या संबंधाकडे वळतो, कारण आजच्या नजरेला तो भाग खरोखरच विचित्र वाटतो.

त्या काळी ब्रिटनमध्ये लष्करी अधिकाऱ्याने खासदार असणे ही अगदी नेहमीची गोष्ट होती. वेलिंग्टन ड्यूक होण्यापूर्वी हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसला होता. हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल राहिलेला विल्यम बेंटिंक हा लष्करातला जनरल होता आणि परत गेल्यावर ग्लासगोचा खासदार झाला. थॉम्पसनच्याच विचारांचा जॉर्ज डी लेसी इव्हान्स हा वेस्टमिन्स्टरचा खासदार असतानाच 1835 ते 1837 या काळात स्पेनमध्ये स्वयंसेवकांच्या फौजेचे नेतृत्व करत होता, आणि पुढे क्रिमियाच्या युद्धात एका डिव्हिजनचा सेनापती झाला. खासदारांना 1911 पर्यंत वेतन नव्हते, आणि 1858 पर्यंत ठराविक मालमत्ता असल्याशिवाय खासदार होता येत नव्हते, त्यामुळे जमीनदार घराणी, पेढीवाले, वकील आणि सैन्याधिकारी यांच्यातूनच बहुतेक सभासद येत.

याला जोड मिळाली ती निम्म्या पगाराच्या पद्धतीची. घोडदळात आणि पायदळात अधिकारीपदे पैसे देऊन विकत घेतली जात, आणि युद्ध नसताना पलटणीत प्रत्यक्ष काम न करता अधिकारी निम्म्या पगारावर राहू शकत असे. त्याचा हुद्दा कायम राही, पण रोजची हजेरी, वरिष्ठांचे रोजचे हुकूम आणि परदेशातील नेमणूक यांतून तो मोकळा होई. इंग्लंडला परतल्यावर थॉम्पसन 1825 मध्ये मेजर आणि 1829 मध्ये लेफ्टनंट कर्नल झाला, आणि त्यानंतर त्याने पुन्हा फौजेचे नेतृत्व केले नाही. वडिलांच्या पेढीतून आलेली संपत्ती त्याच्यापाशी होती, त्यामुळे सरकारची मर्जी राखण्याची गरजही उरली नाही.

या मोकळेपणाचा त्याने जो उपयोग केला तो मला फार आदरणीय वाटतो. जेरेमी बेंथॅम याच्या विचारांच्या मंडळींनी 1824 मध्ये 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले, आणि पहिल्याच अंकात थॉम्पसनने चलनावर लेख लिहिला. 1829 मध्ये त्याने ते विकत घेतले आणि पुढची सात वर्षे ते आपल्या पैशांनी व आपल्या लेखणीने चालवले. अर्थशास्त्र, गणित, कॅथलिकांचे हक्क, मताधिकार, संगीतातील स्वरांची अंतरे, असे असंख्य विषय त्याने हाताळले. शुद्ध स्वरांतरे वाजवता यावीत म्हणून एका सप्तकात चाळीस स्वर असलेले ऑर्गन त्याने कल्पिले, आणि ते 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात मांडले गेले होते. गणिती माणसाची ती तळमळ होती आणि त्याने तिच्यावर अनेक वर्षे खर्च केली.

पण त्याचे सर्वांत परिणामकारक लेखन म्हणजे 1827 ची धान्य कायद्यांवरील प्रश्नोत्तरी. त्या कायद्यांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. नेपोलियनशी युद्ध संपताच परदेशी गहू स्वस्तात येईल आणि जमिनीचे खंड उतरतील, या भीतीने जमीनदारांच्या संसदेने 1815 मध्ये कायदा केला की देशातील गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलच्या मापाला, 80 शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विक्रीसाठी आत येऊ द्यायचा नाही. 1828 मध्ये त्याऐवजी भावाप्रमाणे कमीजास्त होणारी जकात आली, पण मूळ हेतू तोच राहिला. गिरणीतल्या मजुराच्या मजुरीचा मोठा भाग पावावर जात असे, आणि तो पाव कायद्याच्या जोरावर महाग ठेवला जात होता.

थॉम्पसनने या कायद्याच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद एकेक करून मांडले आणि प्रत्येकाखाली त्याचे उत्तर लिहिले. परदेशी धान्यावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे, जमीनदार कर भरतो म्हणून त्याला संरक्षण हवे, धान्य स्वस्त झाले की मजुरीही उतरेल आणि मजुराच्या हाती काहीच लागणार नाही, अशा प्रकारचे ते युक्तिवाद होते. पत्रकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मँचेस्टरमध्ये 1838 साली सुरू झालेल्या चळवळीने, जिचे पुढे रिचर्ड कॉब्डन आणि जॉन ब्राइट हे नेते झाले, आपले बरेचसे मुद्दे इथून उचलले. चळवळ उभी राहण्याच्या अकरा वर्षे आधी तिची शिदोरी बांधून ठेवलेली होती, असे म्हणता येईल.

संसदेत मात्र त्याला सलग स्थान कधीच मिळाले नाही. 1835 मध्ये तो जन्मगावातून, हलमधून, निवडून आला. 1837 मध्ये मेडस्टोनमधून उभा राहिला आणि पडला. तिथे निवडून आलेल्या दोघांत बेंजामिन डिझरेली होता, ज्याची ती पहिलीच खासदारकी. त्यानंतर दहा वर्षे थॉम्पसन सभागृहाबाहेर राहिला, आणि त्याच काळात, 1846 मध्ये, रॉबर्ट पीलने धान्य कायदे रद्द केले. ज्या कायद्याविरुद्ध त्याने सर्वांआधी शस्त्र उचलले, तो रद्द होताना त्याला मत देता आले नाही. 1847 ते 1852 आणि पुन्हा 1857 ते 1859 या काळात तो ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहराचा प्रतिनिधी होता.

बखरवाचक

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. शेतसारा यांनी 1857 ते 1859 या खासदारकीचा उल्लेख केला आहे, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील उठावाच्या वेळी थॉम्पसन संसदेत होता. ज्याने सदतीस वर्षांपूर्वी शिपायांना दोष दिला होता, त्याने या वेळी काय भूमिका घेतली? दर्यावर्दी यांच्या आक्षेपाच्या संदर्भात हे समजणे मला आवश्यक वाटते. आणि जनरलपदाचे कोडे अजून उलगडायचे आहे.

पानगळ

तुमचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवतो.

मेरठच्या उठावाची बातमी जून 1857 च्या अखेरीस लंडनला पोहोचली. त्यानंतरच्या काही महिन्यांत इंग्लंडमध्ये सूडाची जी लाट उसळली तिचे वर्णन करणे कठीण आहे. वर्तमानपत्रे, धर्मपीठे, सभा, सर्वत्र कठोरात कठोर शिक्षेची मागणी होत होती. गव्हर्नर जनरल कॅनिंगने शिक्षांना काही मर्यादा घालू पाहिली, म्हणून 'दयाळू कॅनिंग' असे हिणवून त्याची टवाळी करण्यात आली. अशा वेळी चौऱ्याहत्तर वर्षांच्या थॉम्पसनने उलट बाजूने लिहायला सुरुवात केली.

मतदारांना नियमित पत्रे लिहून ती वर्तमानपत्रांतून छापण्याची रीत त्याने हलचा खासदार असल्यापासून सांभाळली होती. आता ब्रॅडफर्डच्या मतदारांना लिहिलेली पत्रे दुसरी बाजूही ऐकून घ्या अशा अर्थाच्या लॅटिन मथळ्याखाली प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढे त्यांचे खंड निघाले. कंपनी सरकारने शिपायांच्या धर्मभावनेची पर्वा केली नाही, हा मूळ अपराध राज्यकर्त्यांचा आहे, आणि बंडाचा मोड करताना चाललेल्या सरसकट फाशा व कत्तली ब्रिटनला कलंक लावणाऱ्या आहेत, हे त्याने त्यांतून मांडले. ज्या सैन्याने बंगालच्या शिपायांना तोफेच्या तोंडी दिले, त्याच ब्रिटिश सत्तेच्या सैन्यातला हा मेजर जनरल होता, हे लक्षात घेतले म्हणजे या पत्रांचे धैर्य कळते. कॉब्डन आणि ब्राइट यांनीही हिंदुस्थानातील कारभारावर टीका केली होती. पण ते लष्करी पेशाचे नव्हते. थॉम्पसनने मुंबईच्या शिपायांबरोबर छावणीत दिवस काढले होते.

दर्यावर्दी यांच्या आक्षेपाला यामुळे उत्तर मिळते असे मी म्हणणार नाही. 1857 ची पत्रे 1820 चा अहवाल पुसून टाकत नाहीत. मात्र एवढे निश्चित म्हणता येईल की शिपायाला आज्ञा पाळणारे हत्यार न समजता, ज्याच्याशी सरकारने काही वचने केली आहेत आणि ती मोडल्यास जाब विचारण्याचा ज्याला अधिकार आहे असा माणूस समजण्यापर्यंत तो येऊन पोहोचला होता. त्या काळातील किती ब्रिटिश सेनापतींविषयी आपण हे म्हणू शकतो?

दर्यावर्दी

पानगळ यांनी दिलेली माहिती मोलाची आहे आणि ती मी मान्य करतो. तरीही एक भेद आवर्जून नोंदवतो. 1857 मध्ये अन्याय करणारे दुसरे होते आणि थॉम्पसन टीकाकार होता. सिएरा लिओनमध्येही करार करणारे दुसरेच होते. जालानच्या वाळवंटात मात्र निर्णय त्याचा स्वतःचा होता. दुसऱ्याचा अपराध निर्भयपणे दाखवणे आणि स्वतःच्या हुकमाचे परिणाम स्वीकारणे या दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत, आणि पहिल्या कसोटीला तो वारंवार उतरला म्हणून दुसरीत सूट द्यावी, हे मला पटत नाही. ओमानमध्ये पडलेल्या शिपायांच्या घरी पुढे काय झाले असेल, याचा विचार आपल्यापैकी कोणीतरी करायलाच हवा.

जुने_कागद

दर्यावर्दी यांचा भेद मला मान्य आहे. सिएरा लिओनमध्ये करार रद्द करण्याचा निर्णय थॉम्पसनचा स्वतःचा होता आणि त्याची किंमत त्याने नोकरी गमावून स्वतः मोजली, एवढी भर मात्र त्यात घालतो.

जनरलपदाचे कोडे राहिले होते, त्याचे उत्तर देतो. ब्रिटिश सैन्यात लेफ्टनंट कर्नलच्या वरची बढती ज्येष्ठतेने मिळत असे. एकदा त्या हुद्द्यावर नाव लागले की वरचे अधिकारी मरत वा निवृत्त होत गेले तसतसे खालच्याचे नाव आपोआप वर सरकत असे. त्यासाठी लढाई जिंकावी लागत नसे, पलटण सांभाळावी लागत नसे, आणि राजकीय मते कोणती आहेत याचाही फारसा प्रश्न येत नसे. त्यामुळे खरी अडचण होती ती लेफ्टनंट कर्नल होण्यापर्यंतची, आणि ती त्याने 1829 मध्येच ओलांडली होती. मुंबईतल्या न्यायालयाने समज दिली, पण हुद्दा काढून घेतला नाही किंवा ज्येष्ठता कमी केली नाही, ही बाब इथे निर्णायक ठरली. 1846 मध्ये कर्नल, 1854 मध्ये मेजर जनरल, 1860 मध्ये लेफ्टनंट जनरल आणि 1868 मध्ये जनरल, असा तो क्रम आहे. यांतील प्रत्येक पायरीच्या वेळी तो घरी बसून लेख, पत्रे किंवा भाषणे लिहीत होता. सप्टेंबर 1869 मध्ये लंडनजवळील ब्लॅकहीथ येथे त्याचे निधन झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1871 मध्ये, युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेलने अधिकारीपदे विकत घेण्याची पद्धत बंद केली.